चार लिंबं

शनिवारी गुंडोरावांना लेक आणि नातवंडांसह मोटारीने तिरुपतीचा घाट चढायचा होता, आणि मोटारीचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले होते.

माउंट रोडवरच्या टायरच्या दुकानात त्यांची लेक कनका म्हणाली, "अप्पा, नवे कोरेच घ्या. गाडीत लेकरं असणार."

"निम्म्या किमतीत हे मिळतात की! आणि वर देव बसलाय," म्हणत अप्पांनी जुन्यावरच रबर चढवलेले टायर बसवून घेतले.

शनिवारी निघताना, प्रवासात विघ्न येऊ नये म्हणून चाकांखाली ठेवून चिरडायला कनकाने चार लिंबं आणली. अप्पांनी चष्मा लावला, एकेक लिंबू उजेडात फिरवून पाहिलं आणि चौथं तिच्या हातात परत दिलं.

 

"ह्याला डाग आहे गं. चांगलं आण. गाडीत लेकरं आहेत."