निळ्या पेन्सिलीची तारीख

आर्ट कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी पाडायला काढलेल्या थिएटरच्या भिंतीवरून सिनेमाच्या पोस्टरांची थप्पी उचकटून आणली. तिथे तरुणपणी बाबाच पोस्टरं चिकटवायचे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने तारीख घालायचे. बाथरूममध्ये भिजवून मी एकेक थर सोलत होते: राक्षस, डाकू, उडणारे हीरो. "आंघोळी कधी करायच्या आम्ही?" म्हणत आलेली आई दारातच थिजली. शेवटच्या पोस्टरखालून तिचाच तरुणपणीचा फोटो निघाला होता. खाली तारखेसकट जाहिरात होती: "पोरी, असशील तिथून परत ये. कोणी रागावणार नाही. तुझ्या आईने अंथरूण धरलंय." बाबांशी पळून जाऊन लग्न केल्यापासून आई म्हणायची, माहेरच्यांनी साधी चौकशीही केली नाही. "यावर कुठलं पोस्टर होतं?" तिने विचारलं. मी ते पुढे केलं. निळी तारीख जाहिरातीच्या दुसऱ्याच दिवसाची होती. बाहेरून बाबा ओरडले, "निघाले का सगळे थर?"