भाऊबीजेचा सीन

“टोपी!” नूरमोहम्मद ओरडले. “डोक्यावर टोपी नाय आन् सॅल्यूट ठोकतोय. थांबवा हे!”

दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. सकाळपासून सातव्यांदा शूटिंग थांबलं होतं.

गारखेड्यातल्या एका बंगल्याच्या पुढच्या खोलीची पोलीस चौकी केली होती. टीव्हीवरच्या पोलीस मालिकेचा दिवाळी विशेष भाग तिथं चालला होता. नूरमोहम्मद चौतीस वर्षं खात्यात काढून हवालदार म्हणून रिटायर झालेले. पोलिसांचं सगळं खरंखुरं दिसावं म्हणून त्यांना सल्लागार नेमलं होतं. मालिकेचा लेखक बद्रीनाथ मूळचा बिडकीनचा. “घेईन तर ह्यांनाच,” असा हट्ट धरून त्यानं त्यांना शोधून काढलं होतं. आता मात्र त्यांना आल्याचा पस्तावा होत होता. कोठडीच्या गजांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. इन्स्पेक्टर झालेला नट एका हातात पिस्तूल आणि दुसऱ्या हातात चकली धरून जबाब घेत होता. कोठडीतल्या चोराचे केस नुकते सलूनमधून आल्यासारखे होते.

“चाचा, लोक दिवाळीचं बघायला बसणार आहेत,” दिग्दर्शक म्हणाला. “थोडं चालवून घ्या.”

त्यांनी चालवून घेतलं. माळा सोडल्या, केस सोडले. चकलीसुद्धा सोडली. मग पुढचा सीन वाचून दाखवला गेला. भाऊबीजेचा दिवस. कोठडीतला चोर रडतो, बहीण वाट बघतेय म्हणतो. इन्स्पेक्टर कुलूप काढतो. बहीण ओवाळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चोर आपल्या पायांनी चौकीत येऊन दोन्ही हात पुढं करतो. मागं सनई.

नूरमोहम्मद खुर्चीतून उठलेच.

“हे खोटं हाय. नाय येत चोर परत!”

“चाचा, तेवढंच तर मेन आहे ह्या भागाचं.”

“मेन असू द्या न्हाय तर कायबी असू द्या. मी केलंय हे. बिडकीनला, एकतीस वर्सांमागं. ह्या ह्या हातानं कुलूप काढलंय.”

कुणी विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. तेव्हा ते नुसते शिपाई होते. साहेब दिवाळीच्या सुट्टीवर, चौकीत हे एकटे. कोठडीत सांडू नावाचा पोरगा, विहिरीवरची मोटर चोरलेला. भाऊबीजेला सकाळपासून जेवला नाही. अक्का माझ्याशिवाय तोंडात पाणी घेणार नाही, म्हणाला. घर दोन गल्ल्या पलीकडं. नूरमोहम्मद त्याला घेऊन गेले. बहिणीला बेड्या दिसू नयेत म्हणून दाराबाहेरच काढून खिशात घातल्या. ओट्यावर बसले. आतून करंजी आली, ती खाल्ली. करंजी संपेपर्यंत पोरगा मागच्या दारानं पसार झाला होता.

आठ महिने सस्पेंड. नंतर चौकशी. बरोबरीचे फौजदार झाले, हे मात्र हवालदारावरच थांबले. पण त्यांना डाचत होतं ते वेगळंच. त्या दिवसानंतर त्यांनी माणसाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नव्हता. आरोपीच्या नाही, गावच्या पाटलाच्या नाही, पोटच्या पोराच्याही नाही. थोरला मुलगा मुबारक पुण्याला निघून गेला तो ह्याच पायी. “अब्बा, तुम्ही घरात पण जबाबच घेता,” असं बोलून गेला होता.

“तर लिहा,” ते बद्रीनाथला म्हणाले. “चोर पळाला, शिपाई मेला. हे खरं.”

बद्रीनाथ उठला. व्हरांड्यात गेला आणि एका म्हातारीला हाताला धरून आत घेऊन आला. सकाळपासून ती तिथं बसली होती. घरमालकाची आई असेल, असं नूरमोहम्मदांना वाटलं होतं.

“ही माझी आई,” बद्रीनाथ म्हणाला. “वच्छलाबाई.”

कुणी खुर्ची पुढं केली, पण ती बसली नाही.

“मी सांडूची बहीण,” ती म्हणाली.

नूरमोहम्मदांना चेहरा ओळखू येईना. त्यांनी तेव्हा तो नीट पाहिलाच नव्हता. जबाबात तिनं लिहून दिलं होतं, मी चुलीपाशी होते, कधी पळाला कळलं नाही. एवढंच त्यांना आठवत होतं.

“मामा माझ्या जन्माआधीच परागंदा झाला,” बद्रीनाथ म्हणाला. “आईनं मला गेल्या वर्षी सांगितलं. म्हणून हा भाग लिहिला. आणि म्हणून तुम्हाला शोधलं.”

“तू थांब, मला बोलू दे,” वच्छलाबाई म्हणाली. मग नूरमोहम्मदांकडं सरळ बघत राहिली. “तो पळाला नव्हता, हवालदारसाहेब. ओवाळून झालं, तसा उठला व्हता. शिपाईदादा भाइर बसलेत, येतो मी, म्हणला. मी त्याला मागल्या दारानं ढकललं आन् आतून कडी घातली. दारावर थापा मारीत व्हता तो. बारीक, तुमाला ऐकू जाऊन मी अडकू नाय अशा. पुढल्या दारी आला नाय तोबी त्याच पायी. मग गेला, तो आजपातुर मलाबी दिसला नाय.”

“थापा कशाला मारीत होता?” नूरमोहम्मदांनी विचारलं.

“म्हणत व्हता, अक्का, दार उघड. त्या शिपायाची नोकरी जाईल.” म्हातारीनं पदर तोंडाशी धरला, पण थांबली नाही. “मी म्हणलं, जाऊ दे.”

शेवटी दिग्दर्शकानं हळूच विचारलं, चाचा, ह्या सीनचं काय करायचं?

नूरमोहम्मद भिंतीकडं तोंड करून उभे होते. तसेच उभ्यानं म्हणाले, “येऊ द्या त्याला.”