मुख्याध्यापक पाहिजेत

"पूर्ण चेष्टा करीन, सर," रसिका म्हणाली आणि समोरचे तिघंही तिच्याकडे बघायला लागले.

म्हणजे बघा ना, तोवर सगळं मस्त चाललं होतं. दिल्लीच्या करोल बागेतल्या मराठी लोकांची छोटीशी शाळा, तिच्या मुख्याध्यापकपदाची मुलाखत, आणि समोर समितीचे तिघं. सोनं-चांदी गाळायचं दुकान असलेले अध्यक्ष तात्यासाहेब, केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले भालचंद्र सर, आणि पूर्वी याच शाळेत शिकवणाऱ्या प्रभावतीबाई. रसिकानं धडाधड उत्तरं दिली होती. का नाही देणार, प्रभारी म्हणून तीच तर शाळा चालवतेय. पुण्याहून आणलेले मुख्याध्यापक इथल्या थंडीला घाबरून पळाले, त्यांच्यानंतरच्या बाई उन्हाळ्याला. आणि शाळा चालवणाऱ्या मंडळाचा नियम असा भारी, की कायमचा मुख्याध्यापक असल्याशिवाय नवा शिक्षक नेमायचा नाही. गणिताचे सर दिवाळीआधी सोडून गेले, तेव्हापासून दहावीला गणितच नाही. बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. रसिका भूगोलवाली, तरी रोज मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून त्या पोरांना त्रिकोणमिती शिकवते, आणि पोरं फळ्याकडे अशी बघतात की तिलाच रडू येतं. आज नेमणूक झाली की उद्या ती गणिताचा शिक्षक आणणार होती. माणूससुद्धा शोधून ठेवला होता यार.

म्हणून तर तात्यासाहेबांनी विचारलं, दहावीचा निकाल सुधरंल का पोरी तुझ्याच्यानं, तेव्हा ती अगदी जीव तोडून बोलली. जन्म दिल्लीचा, दिवसभर तोंडात हिंदी. जिभेवर जे आलं ते सुटून गेलं.

"चेष्टा?" भालचंद्र सरांनी चष्मा काढला. "निकालाची चेष्टा करणार तुम्ही?"

तात्यासाहेब पोट धरून हसले. रसिका घाईघाईनं सांगायला लागली, प्रयत्न म्हणायचं होतं सर, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, चुकून आलं. पण सर कसले ऐकतात. त्यांना पाहिजे ते सापडलं होतं. मग जे सुरू झालं ते थांबेचना. वाडवडिलांनी इतक्या लांब येऊन भाषा टिकवली, मराठी शाळेच्या प्रमुखाला प्रयत्न हा शब्द आठवू नये, उद्या ही मुलं गावी गेली की नातेवाईक काय म्हणतील. त्यात गणित नाही, दहावी नाही, काही नाही. रसिकानं मध्येच गणिताचं काढलं तर म्हणाले, तो विषय वेगळा.

तिला बाहेर थांबा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. तिच्यासमोरच ठरलं, पुण्याच्या पेपरात पुन्हा जाहिरात द्यायची. तात्यासाहेब जरा कुरकुरले, पुण्याची माणसं हितं टिकत न्हाईत, ही आपली पोरगी हाय, हिचा बाप माझ्याच भट्टीवर होता. पण त्यांची शाळा सातवीत सुटलेली, भाषेचा विषय निघाला की भालचंद्र सरांपुढे ते मऊ पडतात. "तवर तू सांभाळ की," ते रसिकाला म्हणाले. "तसंबी सांभाळतीयासच."

आणि कहर म्हणजे, जाहिरात टाइप कोण करणार? मराठी टायपिंग त्या तिघांत कुणालाच येत नाही. झालं, रसिकाच बसली कॉम्प्युटरवर.

भालचंद्र सर तिच्या मागे हात बांधून उभे राहिले. "लिहा. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांची जागा खाली आहे. उमेदवाराचं मराठी शुद्ध असणं अनिवार्य."

रसिकाची बोटं थांबली. जागा खाली? हे तर हिंदी. तिनं प्रभावतीबाईंकडे पाहिलं. बाईंनीही ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं, कारण त्या एकदम चहाच्या कपात वाकून बघायला लागल्या, जणू त्यात काही पडलंय. रसिकाला वाटलं, लिहावं तसंच, जाऊ दे पुण्याला, हसू दे सगळ्या पुण्याला. पण जाहिरातीवर प्रभारी म्हणून नाव तिचं जाणार होतं. तिनं गुपचूप "रिक्त आहे" असं टाइप केलं आणि प्रिंट काढली.

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरला. पहिल्याच ओळीवर बोट अडकलं. "हे काय?"

"रिक्त, सर. म्हणजे रिकामी."

"अहो, रिक्त हिंदी आहे. सरकारी हिंदी. उभा जन्म फायलींवर वाचत आलोय मी, रिक्त पद, रिक्त पद." ते थकून तात्यासाहेबांकडे वळले. "बघितलंत? सांगितलेलं सोडून पुन्हा हिंदी. मी म्हणतो ते हेच."

तात्यासाहेबांनी दुःखानं मान हलवली. रसिकानं पुन्हा प्रभावतीबाईंकडे पाहिलं, आता तरी बोलतील म्हणून. बाई म्हणाल्या, चहा गारच झाला की. वरच्या मजल्यावर दहावीचा वर्ग शिक्षकाविना बाकं बडवत होता, छतातून धूळ गळेल इतका.

भालचंद्र सरांनी खिशातलं पेन काढलं. "रिक्त"वर काट मारली, आणि वर टपोऱ्या, वळणदार अक्षरात लिहिलं, "खाली". मग कागद तिच्यापुढे सरकवला.

"आता खाली सही करा," ते म्हणाले.