एकेचाळिसावी खेप

जुना प्रोग्रॅम म्हणत होता एकेचाळीस, नवा म्हणत होता चाळीस. ज्ञानेश्वरीनं तिसऱ्यांदा जुळवून पाहिलं. टँकरची एक खेप जुन्यात जास्तच निघत होती, आणि रोज निघत होती.

साल दुष्काळाचं. टंचाई कक्षातला पंखासुद्धा भट्टीची हवा फेकत होता. शहर चहूअंगांनी सुटलेलं, पैठण रस्त्याला बघावं तिकडं प्लॉटिंग, आणि गावांच्या जोडीला आता कॉलन्याही टँकर मागायला लागलेल्या. मागणी नोंदवायचं इंटरनेटवरचं पान पुंजाराम नावाच्या कारकुनानं तेरा वर्षांपूर्वी बसवलेलं. एवढ्या गर्दीपुढं त्या पानानं सपशेल हात टेकले. सकाळी दहाला पान बंद पडायचं आणि ग्रामसेवकांचे फोन कक्षाचे कान किटवायचे.

ते सुधारायचं काम ज्ञानेश्वरीकडं आलं; तिनं जुनं उखडलं नाही. त्याच्यापुढं एक प्रॉक्सी बसवला, म्हणजे दारावरचा माणूसच म्हणा ना. येईल ती मागणी आधी त्यानं घ्यायची, रांग लावायची, झेपेल तेवढीच आत सोडायची. मग सवडीनं एकेक काम जुन्याकडून काढून नव्याकडं वळवायचं. ही सगळी अवजारं ओपन सोर्स. कुणीतरी लिहून जगासाठी मोकळी ठेवलेली. कक्षप्रमुख आप्पासाहेबांना त्याचाच संशय. फुकट ते पौष्टिक, म्हणून ते हसले होते. तिनं सांगितलं, साहेब, ही पाणपोई आहे. रांजण कुणी भरला ते पिणाऱ्याला ठाऊक नसतं, मनातल्या मनात हात जोडायचे आणि पुढं जायचं.

आणि ती खरंच जोडायची. मेंढपाळाची लेक ती, आयत्या पाण्याचं मोल तिला कुणी शिकवायला नको होतं. दोन हजार तीनच्या दुष्काळात तिच्या बापानं, बिरूनं, देवगाव रंगारीहून मेंढरं घेऊन गोदाकाठाची वाट धरली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. विहिरी खडखडीत. बांधाला कुणी उभं करीना. कोकरं वाटेतच बसायला लागली. अशात एका माळावर, शेंदरी धोंड्याशेजारी, काठोकाठ भरलेला हौद दिसला. आसपास घर नाही, विहीर नाही. बिरू धोंड्यापुढं आडवाच झाला. म्हसोबा पावला, म्हणाला. तेव्हापासून दर साली त्या घरचा पहिला नारळ तिथं फुटायचा. ज्ञानेश्वरी इंजिनिअर झाली त्याचाही तिथंच फुटला.

पण आता प्रश्न त्या एका खेपेचा होता. तिनं जुन्या प्रोग्रॅमच्या पोटात हात घातला आणि ती ओळ शोधून काढली. ठिकाण क्रमांक शून्य. लोकसंख्या शून्य. मागणी कुणाची, तो रकाना कोरा. पुढं इंग्रजी अक्षरांत मराठी शेरा होता: काढू नये. पुंजाराम.

आप्पासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. माणूस नसलेल्या ठिकाणी रोज टँकर! बोगस खेप, दुसरं काय? ती उडवून टाक आणि संध्याकाळपर्यंत पुंजारामच्या नावानं अहवाल दे, असं बजावून ते बैठकीला गेले. टँकरच्या भानगडीत नाव आलं की माणसाची अब्रू गेलीच म्हणायची, मग तो निवृत्त होऊन शेळ्या का राखत असेना. ज्ञानेश्वरीचा हात काही चालेना. खाली आपलं नाव टाकून कुणी चोरी करतं का? तिनं स्कूटी काढली आणि चितेगाव गाठलं.

पुंजाराम खरंच शेळीला पाला घालत होते. सगळं ऐकून घेतलं, हातातला पाला खाली ठेवला. मग हळूहळू सांगायला लागले. दोन हजार तीन साली मेंढपाळ कचेरीच्या दारात येऊन उभे राहायचे. पाणी मागायचं तर गावचा ठराव लागे, ग्रामसेवकाची सही लागे. चालत्या माणसाला कुठलं आलं गाव? ज्या शिवारात जावं ते म्हणे, ही आमची माणसं नव्हंत. पुंजारामांनी त्यांचा अर्ज दोनदा वर पाठवला, दोनदा तसाच परत आला.

"कागदात बसंना पोरी, मग म्या प्रोग्रॅममधी घातलं," ते म्हणाले. "हितून पुढं म्हसोबाचा माळ हाय. तिथला हौद रोज एक खेप भरायचा. टँकर सुरू झाले की ती आपसूक निघती. चुकलं आसंल तर लिही माझं नाव."

ज्ञानेश्वरी पायरीवर बसली. शेंदरी धोंड्याशेजारचा तोच हौद. मग तिनं आप्पासाहेबांना फोन लावला.

"साहेब, चूक जुन्यात नाही. नव्यातच एक खेप कमी पडतीय."

ते तडकले. मागणीच नाही तर खेप कुणाच्या नावावर टाकणार? तिनं नाव सांगितलं. बिरू, मेंढपाळ, मेंढरं एकशे दहा. नव्या पानावर जनावरांचा रकाना ती आजच टाकणार होती. मग हौदाची सगळी हकीकत सांगितली, बापासकट. उद्या वडिलांची सही घेऊन ये, मी मंजूर करतो, आप्पासाहेब म्हणाले. आणि अहवालाचं राहू दे.

पुंजारामांना यातलं निम्मंच कळलं. त्यांनी तिला तांब्याभर पाणी आणून दिलं.

"आजून येत्यात का गं कुणी तिथं?"

तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

"येत्यात की, काका. दर साली नारळ फोडत्यात," ती म्हणाली. "आमच्या घरी तुमाला म्हसोबा म्हणत्यात."