बारापैकी बारा

धामणगाव बढेचे उकंडराव ठार बहिरे निघाले. तसा सरकारी शिक्का बसला. पण तो अजून बसलेलाच नाही असं समजू. कारण सकाळचे दहाच वाजलेत आणि उकंडराव पंचायतीच्या कचेरीत, टोपी मांडीवर ठेवून, साहेबाच्या यंत्राकडे बघत बसलेत.

नवं राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. पंचायतीचा रेडिओ त्याच्याही आधीचा. तो असा खरखरायचा की कापसाचा भाव आणि पुढाऱ्याच्या निधनाची बातमी गावाला सारखीच ऐकू यायची. नवा रेडिओ मागितला, तर सरकारच्या प्रसिद्धी खात्याने उलट विचारलं, खेड्यातल्या माणसाला चांगला आवाज आणि बिघडलेला आवाज यांतला फरक तरी कळतो का? कळत नसेल, तर नवा रेडिओ कशाला? ते तपासायला साहेब आले. एका गावाचा एक श्रोता. तो पास, तर रेडिओ पास.

गावाने उकंडराव दिले. यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. ते बाजारात दिसले की कुंभार मडकी झाकायचे. एक टिचकी मारून ते डोळ्याला न दिसणारी चीर सांगायचे. एकदा तर मुलगी पाहायला जाताना लोकांनी त्यांना सोबत नेलं होतं. तिथे ते काय वाजवणार, हे कुणी विचारलं नाही.

"नियम ऐका," साहेब म्हणाले. "एकच बोलणं दोनदा ऐकू येईल. एकदा स्वच्छ, एकदा किंचित बिघडवलेलं. बिघडलेलं पहिलं की दुसरं, तेवढं सांगायचं. बरोबर आलं की चाचणी संपली. चुकलं तर पुन्हा, क्रम बदलून. जास्तीत जास्त बारा वेळा." मग फितीच्या चकतीवर बोट ठेवून म्हणाले, "लवकर आटपू. फीत परदेशी आहे. दुपारी पुसून हिच्यावर शेणखताचं भाषण घ्यायचंय."

त्यांनी उकंडरावांच्या कानांवर हेडफोन चढवला. चकती फिरली.

"बाजारचा माठ, वाजवल्याबिगर येत नाही घरी, उकंडरावांचं नाव घेते, कान त्याहीचे भारी."

गोजरबाई.

गोजरबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यासमोर त्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही बायांनी दार अडवलं म्हणून. एरवी 'आयकलं का' एवढ्यावर भागायचं. दीड वर्षापूर्वी खात्याची माणसं बायांचे उखाणे फितीवर घेऊन गेली, तेव्हा उकंडराव बाजारात मडकी वाजवत होते. घरी येऊन त्यांनी विचारलं, तर त्या चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "म्हटलं असंच काईबाई."

ते काईबाई आता कानात होतं. दुसऱ्यांदा ऐकताना नावाशी आवाज केसाएवढा चिरला. उकंडरावांना चीर लगेच कळली.

"बिघडलेलं कोणतं?"

'दुसरं' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. तो त्यांनी गिळला.

"पयलं."

"चूक." साहेबांनी फुली मारली आणि चकती मागे फिरवली.

तिसऱ्या फुलीला सरपंच किसनराव खुर्चीतून उठले. "काऊन थट्टा करून राह्यले, उकंडराव? मडक्याची चीर कळते अन् हे कळून नाही राह्यलं?"

पाचव्या फुलीला फकीर मोहम्मदने हेडफोन जरा बाजूला ओढला. तो रेडिओचा राखणदार आणि उकंडरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. "अबे उकंड्या, कान काय घरी खुंटीले टांगून आला का बे?"

"हाव," उकंडराव म्हणाले आणि हेडफोन पुन्हा नीट लावला.

आठव्या फुलीला दाराशी जमलेले लोक आपापल्या घरी निघाले. उकंडरावांनी डोळे मिटून घेतले होते. एकतीस वर्षांत एकदा, आणि एका सकाळी चोवीस वेळा. बाराव्या फुलीनंतर चकती थांबली. डोळे मात्र उघडले नाहीत.

साहेब कागदाकडे बघतच राहिले.

"ठार बहिरा माणूससुद्धा अंदाजाने ठोकून देतो," ते हळू म्हणाले. "त्याचंही एखादं बरोबर येतंच. ओळीने बारा चुकवायला फार तयार कान लागतात. तुम्हाला सगळं ऐकू येतंय. मग गावाचा रेडिओ कशाला घालवला?"

"बरोबर सांगतलं असतं तर तुमी तिले बंद केलं असतं ना जी."

"कुणाला?"

"आमच्या घरची हाये ते."

किसनराव खुर्चीत बसले. फकीर मोहम्मदने उगाचच जुन्या रेडिओवरची धूळ पुसली.

फॉर्मात दोनच रकाने होते, 'ऐकू येते' आणि 'ऐकू येत नाही'. बारा फुल्या दुसऱ्यातच बसत होत्या. साहेबांनी शिक्का मारला. फीत पेटीत ठेवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा पेन उघडलं.

"खाली एक ओळ असते. श्रोत्याची काही मागणी असल्यास. सांगा, लिहितो."

उकंडरावांनी त्यांना जमेल तसं सांगितलं. साहेबांनी ते सरकारी भाषेत उतरवलं:

'सदर श्रोता ठार बहिरा असल्याबाबत खात्री झाली असल्याने, त्याची फेरतपासणी दरमहा, याच फितीवर, तो हयात असेपर्यंत करण्यात यावी, ही नम्र विनंती.'