नारिंगी निशाण

मास्तरांच्या बोटीवर आजही नारिंगी निशाण वर गेलं आणि आपली बोट चालवणाऱ्या ताईच्या डोक्यात तिडीक उठली.

"बाबा, बघा! पुन्हा सुरू झालं यांचं नाटक."

बाबांनी बघितलं नाही. ते तिच्याकडे पाठ करून, मागे तोंड करून बसले होते. मांडीवर त्यांचं स्वतःचं निशाण गुंडाळून ठेवलेलं. चालवणाऱ्याने पुढे बघायचं आणि राखणाऱ्याने मागे, दोरी धरून पाण्यावरून घसरत येणाऱ्याकडे, असा तळ्यावरचा नियमच होता. मागचं दाखवणारा आरसा तर तिने केव्हाच आभाळाकडे फिरवून टाकला होता.

निशाण वर म्हणजे कोणीतरी पाण्यात पडलंय. मग बाकीच्यांनी गुमान इंजिन मंद करायचं. पण मास्तरांच्या मागे पाण्यात कोणी नसायचंच! मास्तर स्कीवाले, आणि स्कीवाल्यांना पाणी काचेसारखं सपाट लागतं. ताईची बोट पोटात पाणी भरून मुद्दाम मोठ्या लाटा उठवायची, कारण धाकट्या भावाला बोर्डवरून उड्या मारायला त्याच लागत. त्यामुळे दोन्ही बोटींत जुना छत्तीसचा आकडा. सकाळचं पाणी बळकावायची ही म्हाताऱ्याची युक्ती आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

"स्पर्धेची निवड तोंडावर आलीय आणि हे आमचा वेळ खातायत. कसा चाललाय आपला धाकटा?"

"छान," बाबा म्हणाले.

ती खुलली. या हंगामात धाकटा एकदाही पडला नव्हता. अंग इतकं हलकं ठेवायला शिकला होता की मागे कोणी आहे हे बोटीला जाणवूसुद्धा नये. गेल्या वर्षी सारखा धडपडायचा, आणि बाबा राखण सोडून मास्तरांशी हुज्जत घालत बसायचे. आता भांडण तिच्या वाट्याला आलं होतं. बाबा दोरीवरून नजर हलवत नसत.

आज तिने इंजिन मंद केलं नाही. बोट तशीच दामटत मास्तरांच्या शेजारी नेली आणि मगच थांबवली.

मास्तर एकटेच होते. बोटीत स्की नव्हती. मागे दोरीसुद्धा बांधलेली नव्हती.

"कोण पडलंय तुमचं पाण्यात? दाखवा की मलाही!" ती कडाडली. "या वयात असलं करताना काही वाटत नाही?"

मास्तरांनी निशाण खाली घेतलं नाही.

"गेल्या वर्षी त्या दिवशी तुमच्या बोटीवर हे वर गेलं नाही, पोरी," ते म्हणाले. "तुझे बाबा आणि मी भांडत राहिलो, आणि मी बोट वळवली ती थेट त्याच्या अंगावर. मला दिसलाच नाही गं तो."

"काय बोलताय तुम्ही? कोण दिसला नाही?" ताईने आवाज चढवला. "बाबा, तुम्ही काय बसून राहिलात? बोट थांबलीय, धाकटा पाण्यात उतरला असेल. निशाण वर करा ना!"

बाबा उठले. निशाण त्यांनी बाकावर ठेवलं. तिच्या खांद्यावरून हात लांबवून त्यांनी आरसा हळूच खाली वळवला.

बोटीच्या लाटा विरल्या होत्या. सपाट पाण्यावर दोरीची रिकामी मूठ तेवढी तरंगत होती.