वरची काडी

अच्युतरावांनी पेरू चिरला आणि दोन्ही फोडी मोबाईलसमोर धरल्या. गर पांढराफटक होता.

"ही निलम्माच्या नर्सरीची लाल जात," ते म्हणाले. मोबाईल त्यांच्या मुलीच्या, हर्षिताच्या हातात होता. व्हिडिओ शेतकऱ्यांच्या ग्रुपवर जाणार होता, आणि त्या ग्रुपातली निम्मी माणसं निलम्माची गिऱ्हाइकं होती. निलम्माला मुद्दाम आपल्या बागेत बोलावून घेतलं होतं, तोंडावर सुनावायला.

निलम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षं ती स्वतःच्या हातानं कलमं बांधत आली होती.

"कामून बदनाम करायलाव सर? काड्या लाल झाडाच्याच लावल्या मी."

"पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय. फळाचा रंग जनुकं ठरवतात, तुझी जीभ नाही."

निलम्मा खाली बसली. बुंध्याभोवतीचं गवत बाजूला केलं. कलमाच्या जोडाच्या जागी बोटभर वाळका खुंट होता आणि झाड वाढलं होतं ते त्याच्या खालून. तिनं शेजारचं झाड पाहिलं, त्याच्या पलीकडचं पाहिलं. सगळीकडं तेच.

"मेंढ्या बसवल्या हुत्या काय हितं?"

"व्हय," हर्षिता बोलून गेली. "लावली त्याच वर्षी. खताला म्हणून अप्पांनीच मायाप्पाचा कळप बोलावला. शेंडे खाल्ले, पण पुन्हा फुटली की झाडं."

"खालून फुटली. खाली गावठी पांढरा असतोय सर, लाल वरच्या काडीत. तुमचं लालचं जनुक मेंढीच्या पोटात गेलं."

अच्युतराव खुंटाकडं बघत राहिले. कलमाचं हेच चित्र ते दरवर्षी फळ्यावर काढत आले होते. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे निलम्माला दिसलं. तिचा जीव भांड्यात पडला.

"अप्पा, हे पण शूट झालंय," हर्षिता हळूच म्हणाली.

"दे इकडं."

त्यांनी चष्मा सारखा केला. मोबाईलवर बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"सर, आता तुमीच सांगा समद्यांला," निलम्मा म्हणाली.

त्यांनी मोबाईल मुलीला परत दिला आणि चाकू धोतराला पुसला. तेवढ्यात निलम्माच्या पिशवीतला मोबाईल वाजला. ग्रुपवर तीही होती. व्हिडिओ आला होता, पांढऱ्या फोडींपुरता.

ती तो बघून होईपर्यंत ठाणाकुशनूरच्या गिऱ्हाइकाचा निरोप येऊन पडला होता: अक्का, माझी रोपं राहू द्या, नकोत आता.